बासमती ओळखावा कसा आणि शिजवावा कसा

लांब दाणा दिसला की आपण त्याला बासमती म्हणून मोकळे होतो आणि घरी नेऊन शिजवल्यावर भाताचा लगदा झाला की दोष आपल्या हाताला देतो. बहुतेक वेळा हात निर्दोष असतो. बासमती हे एका ठरावीक प्रदेशात आणि हवामानात पिकणाऱ्या भाताच्या काही जातींचे नाव आहे, आणि त्या जातींची ओळख कच्च्या दाण्यापेक्षा शिजलेल्या शितात अधिक स्पष्ट दिसते. हा तांदूळ मुळात कुठला आणि त्याच्यात वेगळे काय आहे हे ठाऊक असले, की तो निवडताना काय पाहायचे, भिजवायचा का आणि पाणी किती घ्यायचे हे प्रश्न सोपे होतात. म्हणून आधी थोडे मुळाविषयी आणि मग कृतीविषयी लिहिते.

मला स्वतःला हे कळायला एक प्रसंग घडावा लागला. घरातल्या साखरपुड्यासाठी साठ माणसांचा पुलाव करायचा होता. पोत्यावर ठळक अक्षरांत ‘बासमती’ छापलेला, लांबसडक, पांढराशुभ्र तांदूळ आणला होता. नेहमीप्रमाणे अर्धा तास भिजवला, आधणात वैरला आणि सात-आठ मिनिटांनी शीत काढून दाबून पाहिले, तर एक शीत बोटांत विरघळले आणि त्याच्या शेजारचे शीत मधोमध कच्चे, खडूसारखे लागले. आणखी दोन मिनिटे थांबले, तेव्हा कच्चे होते ते शिजले आणि जे शिजले होते त्याची पेज झाली. उरलेला कोरडा तांदूळ दुसऱ्या दिवशी काळ्या कापडावर पसरला आणि नीट पाहिला, तेव्हा त्यात सरळसरळ दोन प्रकारचे दाणे दिसले. काही दाणे किंचित पिवळसर, पारभासी, टोकाकडे निमुळते होत जाणारे होते आणि बाकीचे तेवढेच लांब, पण जाडसर, पोटात पांढरा डाग असलेले होते. शितावरून भाताची परीक्षा होते ती एकच जात भांड्यात असते तेव्हा. सरमिसळ असेल तर एक शीत दुसऱ्या शिताविषयी काहीच सांगत नाही.

मूळ प्रदेश आणि जाती

‘बासमती’ या शब्दाची फोड मराठी माणसाला समजावून सांगावी लागत नाही. मूळचा ‘वास’ उत्तरेकडच्या भाषांत ‘बास’ झाला, जसे वनाचे ‘बन’ झाले, आणि ज्यात वास आहे ती बासमती. हा तांदूळ हिमालयाच्या पायथ्याच्या मैदानाचा आहे. भारतात फेब्रुवारी २०१६ मध्ये ‘अपेडा’ या शेतमालाच्या निर्यातीचे काम पाहणाऱ्या केंद्रीय प्राधिकरणाच्या नावे बासमतीला भौगोलिक मानांकन, म्हणजे ठरावीक प्रदेशातल्या मालालाच ते नाव लावण्याचा हक्क, मिळाले आणि त्यात पंजाब, हरियाणा, दिल्ली, हिमाचल प्रदेश, उत्तराखंड, उत्तर प्रदेशाचा पश्चिम भाग आणि जम्मूकडचे जम्मू, कठुआ व सांबा हे जिल्हे येतात. सीमेपलीकडे पाकिस्तानच्या पंजाबातला रावी आणि चिनाब या नद्यांमधला सियालकोट, नारोवाल, गुजरांवाला, शेखूपुरा हा पट्टाही बासमतीचे जुने घर आहे, आणि पाकिस्ताननेही जानेवारी २०२१ मध्ये आपल्याकडे या नावाचे मानांकन नोंदवले. दोन्ही देश या नावावर हक्क सांगतात याचे कारण शेतातच आहे, कारण फाळणीची रेघ या भाताच्या प्रदेशाच्या मधून गेली.

प्रदेशाचा एवढा आग्रह कशासाठी, असा प्रश्न रास्त आहे. जुन्या बासमती जातींची लावणी जुलैच्या सुमारास होते, दिवस लहान होऊ लागल्यावरच त्या फुलोऱ्यावर येतात, आणि त्यांचा दाणा भरतो तो पाऊस ओसरल्यानंतरच्या दिवसांत, जेव्हा त्या भागात आकाश निरभ्र, दिवस ऊबदार आणि रात्री गारव्याच्या असतात. या गारव्यात दाणा सावकाश भरतो, त्यामुळे तो पारदर्शक आणि घट्ट होतो व वास टिकतो. हेच बी उष्ण हवेत पेरले तर रोप वाढते, लोंबीही येते, पण दाणा पोटात पांढरट राहतो आणि वास उणावतो. महाराष्ट्रात कोणी बासमतीचे बी लावले तर पीक येईल, मात्र मानांकनाच्या नियमाने त्याला बासमती म्हणून विकता येणार नाही, आणि मला हा नियम योग्य वाटतो.

डेहराडूनच्या बासमतीविषयी एक गोष्ट नेहमी सांगितली जाते, की अफगाणिस्तानचे अमीर दोस्त मोहम्मद खान यांना इंग्रजांनी पदच्युत करून भारतात ठेवले तेव्हा त्यांनी हे बी सोबत आणले. डूनच्या खोऱ्यापुरती ही गोष्ट खरी असेलही, पण बासमतीचा उगम तिने सिद्ध होत नाही, कारण ती १८४० च्या आसपासची आहे आणि वारिस शाह यांच्या १७६६ सालच्या ‘हीर’ या पंजाबी काव्यात बासमतीचा उल्लेख आधीच आलेला आहे.

शास्त्रीय पैदाशीची सुरुवात लाहोरजवळच्या काला शाह काकू येथील भात संशोधन केंद्रात झाली. तिथे स्थानिक वाणांतून निवड करून १९३३ साली ‘बासमती ३७०’ ही जात प्रसारित झाली आणि आजही जम्मूजवळच्या रणबीरसिंहपुरा भागात ती पिकवली जाते. हरियाणातली ‘तरावडी’ आणि डेहराडूनची ‘टाइप ३’ याही याच जुन्या पिढीतल्या. या साऱ्या जाती माणसाच्या छातीपर्यंत किंवा त्याहून उंच वाढतात, वाऱ्याने लोळतात, उशिरा तयार होतात आणि उत्पादन कमी देतात. म्हणून दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने बुटक्या, जास्त उतारा देणाऱ्या जातींशी त्यांचा संकर केला आणि १९८९ साली ‘पुसा बासमती १’ आली. त्यानंतर २००३ साली आलेल्या ‘पुसा बासमती ११२१’ने सारा बाजारच बदलला. तिचा कच्चा दाणाच आठ मिलिमीटरच्या पुढे असतो आणि शिजल्यावर तो दुपटीहून अधिक लांब होतो. या जातीमागचे शास्त्रज्ञ डॉ. विजयपाल सिंह यांना २०१२ साली पद्मश्री मिळाली. पुढे २०१३ मध्ये सुमारे चार महिन्यांत तयार होणारी ‘१५०९’ आली, आणि २०२१ मध्ये करपा व कडा करपा या रोगांना तोंड देणाऱ्या ‘१८४७’, ‘१८८५’ आणि ‘१८८६’ या जाती आल्या, ज्यांचे महत्त्व खाणाऱ्यालाही आहे, कारण रोग कमी तर फवारणी कमी. करप्यावर मारल्या जाणाऱ्या ट्रायसायक्लाझोल या औषधाचा अंश किलोमागे ०.०१ मिलिग्रॅमच्या वर चालणार नाही असे युरोपीय संघाने २०१७ मध्ये ठरवल्यापासून निर्यातदार आणि शेतकरी या बाबतीत फार सावध झाले आहेत.

आज शहरात ‘बासमती’ म्हणून जो तांदूळ मिळतो त्यात ११२१ आणि १५०९ यांचा वाटा मोठा आहे. माझ्या अनुभवात लांबीत त्यांच्या जवळपास दुसरे कोणी येत नाही, पण वासात ३७० आणि तरावडी पुढे आहेत. ज्याला बिर्याणीच्या ताटात लांबच लांब शिते हवीत त्याने ११२१ घ्यावा; ज्याला झाकण उघडताच घरभर दरवळ हवा त्याने ‘पारंपरिक बासमती’ असे लिहिलेला, दिसायला थोडा लहान दाणा शोधावा. कच्चा दाणा लहान दिसतो म्हणून तो हलका समजणे ही बासमती घेताना होणारी सर्वांत मोठी चूक आहे.

वास येतो कुठून

सुगंधी तांदळाच्या वासात अनेक द्रव्ये असतात, पण मुख्य आहे २-असिटिल-१-पायरोलिन. मक्याच्या लाह्या आणि ताज्या पावाची खरपूस कड यांच्या वासातही हेच द्रव्य असते. काही घरांच्या परसात आंबेमोहोराची पात म्हणून जी लांब हिरवी पात लावलेली असते आणि साध्या भातात वास यावा म्हणून घातली जाते, तिच्यातही तेच. आपले नाक त्याला इतके तिखट आहे की पाण्याच्या एक अब्ज भागांत या द्रव्याचा जेमतेम दशांश भाग असला तरी ते ओळखते.

साध्या भाताच्या रोपात एक वितंचक (एन्झाइम) या द्रव्याचा कच्चा माल वेळेवर दुसरीकडे वळवते. बासमतीत त्या वितंचकाची आज्ञा देणाऱ्या आठव्या गुणसूत्रावरच्या जनुकातली आठ अक्षरे गळालेली आहेत, त्यामुळे ते काम बंद पडते, कच्चा माल साचतो आणि त्याचे सुगंधी द्रव्य बनते. एका अर्थाने हा सुगंध एका जुन्या बिघाडाची देणगी आहे. भाताचे इंडिका आणि जापोनिका असे दोन मोठे गट आहेत; हा बदल जापोनिका गटाच्या भातात झाला आणि तिथून बासमतीत आला. एरवी सडपातळ अंगकाठीवरून बासमती इंडिका गटातला वाटतो, पण त्याचे आनुवंशिक नाते बरेचसे जापोनिकाशी जुळते.

हा वास केवळ दाण्यात नसतो. पानांतही असतो, आणि भाताचे पैदासकार कोवळी पाने बारीक कापून पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या सौम्य द्रावणात ठेवतात व थोड्या वेळाने हुंगून कोणते रोप सुगंधी हे ठरवतात. फुलोऱ्याच्या दिवसांत बांधावरून चालतानाही तो जाणवतो. स्वयंपाकघरासाठी यातून दोन गोष्टी लक्षात ठेवायच्या: हा वास दाण्याच्या आतला आहे, म्हणून धुतल्याने जात नाही, आणि तो उडून जाणारा आहे, म्हणून उष्णतेने व काळाने कमी होतो.

दुकानात निवडताना

पिशवीवर सर्वप्रथम जात शोधावी. ‘एक्स्ट्रा लाँग’, ‘रॉयल’, ‘बिर्याणी स्पेशल’ अशा नावांना काही अर्थ नसतो. ‘पुसा बासमती ११२१’, ‘पारंपरिक बासमती’ या शब्दांना असतो. ‘शरबती’, ‘सुगंधा’, ‘पीआर ११’ हे तांदूळ लांब असतात, स्वस्त असतात आणि स्वतःच्या नावाने विकले गेले तर रोजच्या जेवणाला उत्तम असतात. तक्रार आहे ती ते बासमतीच्या पोत्यात शिरतात याची. भारतात १ ऑगस्ट २०२३ पासून लागू झालेल्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या मानकांनुसार बासमतीला त्याचा नैसर्गिक सुगंध असला पाहिजे आणि त्यात कृत्रिम रंग, कृत्रिम वास किंवा चकाकी आणणारी द्रव्ये असता कामा नयेत. ब्रिटनमध्ये व्यापाऱ्यांनी पाळायच्या संहितेत बासमतीत इतर तांदूळ सात टक्क्यांपर्यंतच चालतो. नेमकी भेसळ हैदराबादच्या सीडीएफडी या डीएनए संशोधन केंद्रासारख्या संस्थांत डीएनए तपासून काढता येते, पण आपल्याला घरी एवढे करायची गरज नाही. नाक, डोळे आणि मोजपट्टी पुरते.

मग प्रत. किराणा दुकानात तिबार, दुबार, मोगरा आणि तुकडा हे शब्द ऐकू येतात. गिरणीत भात सडताना जे दाणे मोडतात ते चाळून वेगळे केले जातात. अखंड दाण्याची प्रत सर्वांत महाग, त्याखाली साधारण तीन चतुर्थांश दाण्याचा तिबार, अर्ध्याच्या आसपासचा दुबार, त्याहून लहान मोगरा, आणि शेवटी तुकडा व कणी. जात एकच असेल तर वास सगळ्यांत सारखाच असतो. म्हणून खीर, मसालेभात, मऊ खिचडी किंवा इडलीच्या पिठात थोडा वास हवा असेल तेव्हा अखंड दाण्याचे पैसे मोजण्यात अर्थ नाही. चांगल्या जातीचा मोगरा आणावा.

तिसरी गोष्ट म्हणजे कच्चा, स्टीम की सेला. सेला म्हणजे टरफलासकट भात भिजवून, वाफवून, वाळवून मग सडलेला तांदूळ. कोकणात आणि गोव्यात उकडा तांदूळ ज्या रीतीने होतो तीच ही रीत आहे. वाफवताना कोंड्याजवळची ‘ब’ जीवनसत्त्वे काही प्रमाणात दाण्यात मुरतात, पिष्ट (स्टार्च) घट्ट बसते आणि दाणा इतका चिवट होतो की नवख्याच्या हातूनही तो सहसा मोडत नाही; मात्र वास बराच कमी होतो. पिवळसर दिसतो तो गोल्डन सेला. शंभर माणसांच्या पंगतीला, जिथे भात दोन-तीन तास झाकून ठेवावा लागतो, तिथे सेला वापरणे शहाणपणाचे आहे. घरच्या चौघांसाठी मी तो घेत नाही. स्टीम, म्हणजे नुसती वाफ दिलेला तांदूळ, हा कच्चा आणि सेला यांच्या मधला प्रकार आहे.

आणि जुनेपणा. नवा तांदूळ चिकट होतो हे आपल्याकडे सर्वांना माहीत असते. साठवणीत दाण्यातील प्रथिनांची आणि पेशीभित्तिकांची रचना बदलून घट्ट होते, तो पाणी जास्त पितो, जास्त फुगतो, आणि शिताबाहेर पिष्ट कमी सुटते. बासमती त्यासाठी निदान वर्षभर मुरवतात. पण याच काळात वासाचे द्रव्य हळूहळू उडत असते, ही दुसरी बाजू दुकानदार सांगत नाहीत. माझ्या मते एक ते दोन वर्षे जुना बासमती सर्वांत चांगला. त्याहून जुन्यासाठी अधिक किंमत देऊ नये.

घरी पारख

नवीन पिशवी आणली की मी पुढील चाचणी करते, आणि तिला पाऊण तासाहून अधिक लागत नाही.

मूठभर तांदूळ काळ्या किंवा गडद निळ्या कापडावर पसरावा. बासमतीचा दाणा अगदी दुधासारखा पांढरा नसतो, त्यात किंचित मलई रंगाची झाक असते. उजेडाकडे धरला तर पारभासी दिसतो. टोकाकडे निमुळता होतो आणि पुष्कळदा तलवारीच्या पात्यासारखा किंचित वळलेला असतो. सर्व दाणे एकाच घरचे वाटले पाहिजेत. काही जाड, काही बारीक, काहींच्या पोटात खडूसारखा डाग, असे दिसले तर मिसळण आहे असे समजावे.

त्यातून दहा अखंड दाणे निवडून मोजपट्टीच्या कडेला टोकाला टोक लावून ओळीने ठेवावेत आणि एकूण लांबीला दहाने भागावे. बासमतीचा कच्चा दाणा सरासरी ६.६१ मिलिमीटरहून लहान नसावा आणि त्याची लांबी रुंदीच्या साडेतीनपटीहून कमी नसावी, असे निर्यातीचे मोजमाप आहे. ३७० जातीचे दहा दाणे साधारण सात सेंटीमीटरच्या जवळ भरतात, ११२१ चे आठ सेंटीमीटरच्या पुढे. आता हेच दहा दाणे अर्धा तास पाण्यात भिजवावेत, गाळणीत घालून उकळत्या पाण्यात दहा मिनिटे धरावेत, काढून ओल्या ताटलीवर ठेवावेत आणि पुन्हा तसेच ओळीने मोजावेत. दाणा निदान १.७ पट लांब झाला पाहिजे आणि रुंदीत जेमतेम वाढलेला दिसला पाहिजे. पहिल्यांदा मी हे केले तेव्हा साध्या लांब तांदळाची ओळ अकरा सेंटीमीटरवर थांबली होती आणि शिते अंगाने फुगून पोटाशी फुटली होती, तर शेजारची बासमतीची ओळ मोजपट्टी संपूनही पुढे गेली होती. नीट पाहिले तर शिजलेल्या बासमतीच्या शितावर आडव्या पुसट कड्या दिसतात. भिजताना दाण्यात बारीक आडव्या भेगा पडतात आणि शिजताना त्या भेगांतून दाणा लांबीकडे उघडत जातो; बासमती न भिजवता शिजवला की तो का मोडतो याचेही उत्तर याच कड्यांत आहे.

वासाची पारख कोरड्या तांदळावर करू नये. पिशवी उघडताच अत्तरासारखा भपकारा आला तर सावध व्हावे. दोन पाण्यांनी धुऊन, भिजवून, शिजवून मग हुंगावा. खरा वास कोरडा असताना मंद असतो आणि वाफेसोबत वाढतो. वरून लावलेला असेल तर धुण्याच्या पाण्याला येतो आणि भाताला येत नाही.

साठवण

घट्ट झाकणाच्या डब्यात, शेगडीपासून आणि उन्हापासून दूर ठेवावा. वास उडणारा असल्याने पिशवी तोंड उघडी ठेवून कपाटात सारणे हे सर्वांत वाईट. कीड लागू नये म्हणून सुक्या मिरच्या किंवा कडुनिंबाची वाळलेली पाने घालण्याची आपली रीत चांगली आहे, पण लवंग आणि हिंग यांचा वास तांदळात मुरतो, म्हणून बासमतीत ते घालू नयेत. बोरिक पावडर आणि एरंडेल चोळण्याची पद्धत काही घरांत आहे. बासमतीला ती लावू नये, कारण तेल खवट झाले की सुगंध संपतो.

शिजवणे

तांदूळ निवडून पसरट भांड्यात घ्यावा, भरपूर पाणी घालून हलक्या बोटांनी फिरवावा आणि पाणी ओतून द्यावे. तीन-चार वेळा असे करावे. चोळू नये, दाणा बारीक आणि लांब असल्याने चोळल्यावर टोके मोडतात आणि त्या मोडीतून सुटणारे पिष्ट भात चिकट करते. मग दाणे बुडून वर दोन बोटे पाणी राहील असे पाणी घालून भिजवावे. कच्च्या बासमतीला तीस मिनिटे पुरतात. ११२१ ला चाळीस दिली तरी चालतात. सेल्याला एक ते दोन तास लागतात. भिजलेला दाणा काचेसारखा न राहता पूर्ण पांढरा दिसतो आणि नखाने दाबला की तुटतो. ही खूण घड्याळापेक्षा अधिक विश्वासाची आहे. त्याहून जास्त वेळ, म्हणजे सकाळचा संध्याकाळपर्यंत, भिजत ठेवला तर वैरतानाच तुटतो.

बासमतीसाठी मला सर्वांत भरवशाची वाटते ती भात वेळून करण्याची जुनी रीत. एक वाटी, म्हणजे सुमारे दोनशे ग्रॅम तांदळाला दोन लिटर पाण्याचे आधण ठेवावे. एवढे पाणी मुद्दाम घ्यायचे, कारण तांदूळ पडल्यावर उकळी मोडता कामा नये आणि सुटलेल्या पिष्टाला पसरायला जागा हवी. दोन चहाचे चमचे मीठ घालावे. त्यातले बहुतेक पाण्यासोबत जाते. हवे तर दोन लवंगा, एक तमालपत्र. परंतु ज्या दिवशी चांगला पारंपरिक बासमती हाती असेल त्या दिवशी मसाले बाजूला ठेवावेत, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. जास्त पाण्यात शिजवून पाणी काढून टाकल्याने तांदळातला आर्सेनिकचा अंशही कमी होतो.

पाणी खळखळून उकळले की निथळलेला तांदूळ वैरावा, एकदा तळापासून हलवावा आणि नंतर हात लावू नये. चार मिनिटांनंतर दर मिनिटाला एक शीत काढून अंगठा आणि तर्जनी यांत दाबून पाहावे. सुरुवातीला मधोमध तीन पांढरे ठिपके दिसतील, मग एक, आणि जेव्हा त्या एका ठिपक्याची टाचणीच्या टोकाएवढी खूण उरेल तेव्हा ताबडतोब चाळणीत ओतावा. कच्च्या बासमतीला हे साधारण पाच ते सात मिनिटांत होते, सेल्याला दहा-बारा मिनिटे लागतात. पूर्ण शिजेपर्यंत थांबले तर पुढच्या वाफेत तो निश्चित मोडतो. चाळणीत दोन मिनिटे निथळू द्यावा, दाबू नये, गार पाणी ओतू नये. काढलेल्या पाण्यात मीठ बेताचे असते. ते आमटीत किंवा कणीक भिजवायला वापरता येते.

आता त्याच जाड बुडाच्या पातेल्यात चमचाभर तूप सोडून भात अलगद पसरावा, झाकणाला आतून कोरडे फडके बांधून ते घट्ट बसवावे, आणि खाली तवा ठेवून अगदी मंद आचेवर आठ मिनिटे ठेवावे. फडक्यामुळे झाकणावर साचलेले पाणी भातावर ठिबकत नाही. गॅस बंद केल्यावर आणखी दहा मिनिटे झाकण उघडायचे नाही. या दहा मिनिटांत वाफ सर्वत्र सारखी मुरते, शीत आतून शिजते आणि बाहेरून घट्ट होते. नुकताच शिजलेला भात फार नाजूक असतो. तेव्हा ढवळला तर सगळी लांबी वाया जाते. नंतर चमच्याने नव्हे, तर काट्याने किंवा पातळ उलथन्याने, कडेकडून आत अशा हाताने मोकळा करावा.

पुलावासाठी पाणी मोजून घालावे लागते. भिजवून निथळलेल्या कच्च्या बासमतीच्या एका वाटीला दीड वाटी गरम पाणी, बराच जुना असेल तर पावणेदोन वाट्या, सेल्याला दोन. वाटी भिजण्यापूर्वीच्या तांदळाची धरावी. तुपात परतताना तांदूळ एक-दोन मिनिटेच परतावा. कुकरमध्ये करायचाच असेल तर पाणी पाव वाटीने कमी करावे, मोठ्या आचेवर एकच शिटी घ्यावी आणि वाफ आपोआप जिरू द्यावी. पण दाबाखाली शिते एकमेकांवर घासतात, त्यामुळे पातेल्यातल्यासारखा भात कुकरमध्ये होत नाही.

साध्या वरण-भातासाठी मात्र मी बासमती वापरत नाही. फडफडीत शितांवर वरण थांबत नाही, ते ताटात पसरते. त्या जेवणाला मुळशीचा आंबेमोहोर, आजऱ्याचा घनसाळ किंवा मावळातला इंद्रायणी हवा. हे आपले तांदूळही वासाचे आहेत, पण त्यांचे शीत आखूड आणि मऊ असते आणि ते तूप-वरण धरून ठेवते. बासमती रश्श्याच्या भाजीसोबत, कोरड्या मसाल्यांसोबत, पुलाव-बिर्याणीत आणि दह्याच्या कोशिंबिरीसोबत शोभतो.

उरलेला भात दोन तासांच्या आत पसरट भांड्यात गार करून फ्रिजमध्ये ठेवावा, कारण बॅसिलस सिरियस या जिवाणूचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत आणि उबदार भातात वाढतात. गार झाल्यावर शीत कडक होते. दुसऱ्या दिवशी चमचाभर पाण्याचा हबका मारून, झाकून, वाफेवर पाच मिनिटे ठेवले की ते पुन्हा मऊ होते. फोडणीचा भात करायचा असेल तर पाणी न शिंपडता कडक शितेच घ्यावीत, कारण ती कढईत परतताना मोडत नाहीत.